सायकलची हत्यारं: काय घ्यायचं, कोणत्या क्रमानं वापरायचं आणि कुठे थांबायचं

घरी सायकलची देखभाल करायची ठरवली की बहुतेकजण आधी चाळीस-पन्नास नगांची तयार पेटी विकत घेतात आणि त्याच दिवशी सायकल खोलायला बसतात. पेटीतल्या अर्ध्या हत्यारांचा त्या सायकलशी काही संबंध नसतो आणि जे नेमकं लागतं तेच पेटीत सापडत नाही. मग ‘जवळपास बसतंय’ अशा पान्यानं काम रेटलं जातं, बोल्टचं हेड गोल होतं, आटे जातात आणि दहा मिनिटांचं काम मेकॅनिककडे जाऊन पडतं.

घरच्या घरी होणारं नुकसान बहुतेक वेळा तीनच गोष्टींनी होतं: न बसणारं हत्यार, चुकलेला क्रम आणि गरजेपेक्षा जास्त जोर. पुढचे टप्पे या तिन्ही टाळण्यासाठी आहेत. ते दिलेल्या क्रमानेच करा. हा क्रम खरेदीचाही आहे.

## टप्पा १: खरेदीआधी सायकल नीट पाहून घ्या

कागद आणि पेन घेऊन सायकलपाशी बसा. प्रत्येक बोल्ट कसा आहे ते लिहून काढा. हा अर्धा तास वाचवला की पुढे चुकीची खरेदी ठरलेली.

नोंद कशाकशाची करायची:

बोल्टची हेडं. आजच्या गिअरच्या सायकलींवर बहुतेक बोल्ट षटकोनी खाचेचे, म्हणजे एलन कीचे असतात. ४, ५ आणि ६ मिमी सर्वांत जास्त लागतात, पॅडल किंवा क्रँकसाठी (पॅडल ज्याला जोडलेलं असतं तो दांडा) ८ मिमी, बारीक स्क्रूंसाठी २, २.५ आणि ३ मिमी. डिस्क ब्रेकची चकती सहा बोल्टांनी लावलेली असेल तर तिथे बहुधा सहा पाकळ्यांची खाच दिसेल. तिला टी२५ हे टॉर्क्स हत्यार लागतं, एलन की नाही. साध्या, बिनागिअरच्या सायकलीवर चाकांचे नट बाहेरून पान्याचे असतात. मागचा नट बहुतेक वेळा १५ मिमीचा असतो, पुढचा १४ किंवा १५ मिमीचा निघू शकतो, म्हणून मोजूनच लिहा.

वॉल्व्ह. तीन प्रकार प्रचलित आहेत. श्रेडर जाड असतो, मोटारसायकलच्या चाकाला असतो तसाच. प्रेस्टा बारीक, लांब आणि टोकाला छोटा फिरता नट असलेला. तिसरा वुड्स किंवा डनलॉप, जो साध्या सायकलींवर दिसतो. पंप आणि ट्यूब दोन्ही यावरून ठरतात.

टायरचा आकार. टायरच्या बाजूवर ‘३७-६२२’ अशा धर्तीचे दोन आकडे उमटवलेले असतात. पहिला टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तो व्यास, दोन्ही मिमीमध्ये. ट्यूब घेताना याच आकड्यांवर भरवसा ठेवा. ७००सी आणि २९ इंच ही नावं वेगळी असली तरी दोन्हींचा व्यास ६२२ असतो. २७.५ इंच म्हणजे ५८४, आणि माउंटन बाइकचा २६ इंच म्हणजे ५५९.

ब्रेक. रिम ब्रेक की डिस्क ब्रेक? डिस्क असेल तर केबलवर चालणारा की तेलाच्या दाबावर? तेलाचा असेल तर कोणतं तेल हे बहुधा लिव्हरच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. मिनरल ऑइल आणि डॉट फ्लुइड ही एकमेकांना अजिबात चालत नाहीत. चुकीचं तेल घातलं की आतले रबरी सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतो.

मागच्या दातेरी चकत्या किती (पुढे त्यांनाच ‘दात’ म्हटलं आहे), आणि त्यांचा संच फ्रीव्हील आहे की कॅसेट. फ्रीव्हील चाकाच्या मधल्या हबवर आट्यांनी बसतं, कॅसेट हबवर सरकवून लॉकरिंग या कड्यानं आवळलेली असते. चेनचा प्रकार आणि पुढे लागणारी हत्यारं यावर अवलंबून आहेत.

> तपासा: यादीत प्रत्येक बोल्टसमोर आकडा आहे ना? ‘बहुतेक ५ असेल’ असं लिहिलेलं एक जरी दिसलं तरी पुन्हा मोजा.

## टप्पा २: पहिली खरेदी छोटी ठेवा

पहिल्या फेरीत एवढंच घ्या: उभा पंप, एलन कीचा चांगला संच, दोन-तीन टायर लिव्हर, पंक्चर किट, १५ मिमी पाना, एक योग्य पेचकस, चेनचं तेल, ग्रीसची छोटी ट्यूब आणि भरपूर जुनी सुती कापडं. डिस्क ब्रेकची सायकल असेल तर टी२५ त्यात जोडा.

पैसे कुठे घालायचे याबद्दल माझं मत ठाम आहे: पंप आणि एलन की. बाकी सगळं साधं चालेल.

पंप. पायात धरून दोन्ही हातांनी मारायचा, दाब दाखवणारा काटा असलेला उभा पंप घ्या. अंगठ्यानं टायर दाबून हवेचा अंदाज घेणं रुंद टायरवर थोडंफार जमतं. बारीक टायरवर मात्र त्या अंदाजाला काही अर्थ नाही, कारण तिथे ६० आणि ९० पीएसआय हाताला सारखेच लागतात. काट्यावर बहुधा पीएसआय आणि बार असे दोन्ही आकडे असतात. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. पंपाचं तोंड तुमच्या वॉल्व्हला बसतं का ते दुकानातच बघून घ्या.

एलन की. मिमीचाच संच घ्या. पेटीत इंचाच्या आणि मिमीच्या कळा एकत्र असल्या तर इंचाच्या लगेच बाजूला काढून दुसरीकडे ठेवा. ३/१६ इंचाची की ४.७६ मिमीची असते. ती ५ मिमीच्या खाचेत आरामात शिरते, थोडी हलते आणि जोर दिला की खाचेचे कोपरे घासून टाकते. गोल झालेल्या कितीतरी बोल्टांचं मूळ या पाव मिमीत आहे. चांगली की ओळखायची कशी? टोकाच्या कडा धारदार हव्यात. वापरून झिजलेल्या कीच्या टोकाला उजेडात धरलं तर कोपऱ्यांवर चकचकीत, वळलेली रेघ दिसते. अशा कीचं टोक कापून किंवा घासून सपाट करा, नाहीतर टाकून द्या.

पेचकस. गिअरवरचे फुलीच्या खाचेचे बारीक स्क्रू बहुतेक वेळा जपानी जेआयएस मापाचे असतात. नेहमीचा फिलिप्स पेचकस त्यात पूर्ण तळाला जात नाही, जोर दिला की उसळून बाहेर येतो आणि खाच खरवडतो. स्क्रूच्या डोक्यावर एक छोटा ठिपका दिसला तर तो जेआयएस समजा आणि त्याच मापाचा पेचकस घ्या.

टायर लिव्हर. चिवट प्लॅस्टिकचे. लोखंडी लिव्हर किंवा घरातला पेचकस वापरला की रिमला ओरखडे पडतात आणि ट्यूबला दुसरं भोक पडतं.

> खबरदारी: ॲडजस्टेबल पाना आणि पकड ही सायकलच्या नटांवर वापरायची हत्यारं नाहीत. दोन्हींचे जबडे सैल पडतात आणि नटाचे कोपरे खातात.

कॅसेट काढायचं हत्यार, क्रँक ओढून काढणारा क्रँक पुलर, बॉटम ब्रॅकेटचे (क्रँक ज्यावर फिरतात त्या फ्रेममधल्या बेअरिंगचे) पाने हे सगळं आत्ता घेऊ नका. त्यांचे प्रकार पुष्कळ आहेत आणि तुम्हाला त्यातलं एकच लागणार आहे, तेही काम समोर आल्यावर.

## टप्पा ३: जागा मांडा

सायकल उलटी करून हँडल आणि सीटवर उभी करणं पंक्चर काढण्यापुरतं ठीक आहे. पण तेलाच्या डिस्क ब्रेकची सायकल फार वेळ उलटी ठेवू नका. टाकीत हवेचा बुडबुडा असेल तर तो नळीत शिरतो आणि ब्रेकचा लिव्हर मऊ पडतो. शिवाय गिअर आणि ब्रेकची जुळवणी उलट्या सायकलवर नीट दिसतही नाही.

स्टँड असेल तर पकड सीट पोस्टवर (सीटखालच्या दांड्यावर) घ्या, फ्रेमच्या नळीवर नाही. पातळ ॲल्युमिनिअम किंवा कार्बनची नळी स्टँडच्या जबड्यात चेपते. स्टँड नसेल तर मागचं चाक जमिनीवरून उचललेलं राहील असा कुठलाही आधार चालेल. पॅडल फिरवून चेन आणि गिअर पाहता यायला हवेत, एवढीच अट.

खाली फिक्या रंगाचं कापड अंथरा, पडलेला बारीक वायसर त्यावर चटकन दिसतो. काढलेले भाग ज्या क्रमानं काढले त्याच क्रमानं डावीकडून उजवीकडे मांडा. आणि खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, प्रत्येक जोडाचा. वायसर कोणत्या बाजूला होता याची आठवण कोणालाच राहत नाही.

## टप्पा ४: आधी धुणं, मग तेल

सर्वांत जास्त चुकणारा क्रम हाच. चेन कुरकुरली की लोक थेट तेल सोडतात. धूळ आणि जुनं तेल यांची खरड आधीच तिथे असते, नवं तेल ती पातळ करून रोलरच्या आत पोहोचवतं आणि चेन आणखी लवकर झिजते.

1. डिस्क ब्रेक असेल तर चकती आणि कॅलिपर (चकतीला दाबणारा ब्रेकचा भाग) आधी कापडानं झाका.
2. चेन आणि दात डीग्रीझर किंवा भांड्याच्या साबणाच्या पाण्यानं ब्रशनं घासा. पेट्रोल नको: भडकतं, त्वचेला वाईट आणि रबर खराब करतं.
3. फ्रेम आणि चाकं वेगळ्या, स्वच्छ कापडानं आणि स्पंजानं धुवा. चेनचा ब्रश रिमला लावू नका.
4. पाण्याचा जोराचा फवारा हब, बॉटम ब्रॅकेट आणि हँडलच्या बेअरिंगवर मारू नका. पाणी सीलमधून आत जातं आणि ग्रीस धुऊन नेतं.
5. चेन पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या चेनवर तेल टिकत नाही.

> खबरदारी: चकतीला तेलकट बोट लावू नका आणि जवळपास कोणताही स्प्रे मारू नका. तेल ब्रेक पॅडमध्ये मुरलं की पॅड बहुधा बदलावेच लागतात. चकती पुसायची ती आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि कोऱ्या कापडानं.

## टप्पा ५: चेन मोजा, मगच तेल घाला

चेन झिजली की ती लांबते. पोलाद ताणलं जात नाही, प्रत्येक सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीचा भाग घासला जातो आणि दर सांध्यातली ती बारीक फट साठत जाते. लांबलेली चेन दातांच्या मापाशी जुळत नाही आणि मग दात खाते. वेळेवर बदललेली चेन कॅसेट वाचवते.

मोजायला चेन चेकर मिळतो, पण इंचाची पोलादी पट्टीही पुरते. एका पिनच्या मध्यावर शून्य धरा आणि १२ इंचांच्या खुणेकडे पाहा. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी असतं, त्यामुळे नव्या चेनवर चोविसाव्या अंतरानंतरची पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती पिन खुणेच्या १/१६ इंच पुढे गेली असेल तर झीज सुमारे अर्धा टक्का, १/८ इंच पुढे गेली असेल तर एक टक्का.

- ११ किंवा १२ गिअरच्या कॅसेटवर ०.५ टक्क्याला चेन बदला.
- १० आणि त्याहून कमी गिअरवर ०.७५ टक्क्यापर्यंत चालते.
- एकाच गिअरच्या सायकलीवर १ टक्क्यापर्यंत.

मोजताना चेनचा खालचा भाग ढिला असतो, म्हणून वरच्या, ताणलेल्या भागावर मोजा.

आता तेल. ओलं तेल पावसात टिकतं पण धूळ ओढून घेतं. कोरडं तेल स्वच्छ राहतं पण पाण्यानं लवकर जातं. कोरड्या दिवसांत ओलं तेल घातलं की चार दिवसांत चेनवर काळा लेप चढतो आणि ‘तेल कमी पडतंय’ असं समजून लोक आणखी घालतात. गंजलेला नट सैल करायचे पातळ स्प्रे चेनचं तेल म्हणून चालत नाहीत. ते लवकर उडून जातात आणि आत असलेलं वंगणही धुऊन काढतात.

पॅडल उलटं, सावकाश फिरवत खालच्या चेनच्या आतल्या बाजूवर प्रत्येक रोलरला एक थेंब. एक पूर्ण फेरी झाली की थांबा. दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. कोरड्या तेलाला काही तास, शक्यतो रात्रभर. मग कापडात चेन धरून पॅडल फिरवा आणि बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. तेल आत लागतं, बाहेर नाही. पुसायची ही पायरी गाळली की आधीचे सगळे कष्ट धुळीत.

> तपासा: चेनवर बोट फिरवा. बोट काळं झालं तर अजून पुसा.

## टप्पा ६: बोल्ट सोडवणं आणि आवळणं

इथे घाई करू नका. सायकलवरचं बहुतेक कायमचं नुकसान याच टप्प्यात होतं.

खाच साफ करा. बोल्टच्या खाचेत वाळलेला चिखल असतो. सुईनं किंवा टोकदार काडीनं तो काढा, नाहीतर की अर्धीच आत जाते आणि सगळा जोर खाचेच्या वरच्या कडेवर येतो.

की तळापर्यंत घाला. सरळ आणि पूर्ण. काही कळांच्या एका टोकाला गोळा असतो, तो वाकड्या कोनातून बोल्ट फिरवायला सोयीचा आहे. पण घट्ट बोल्ट सोडवताना आणि शेवटचा जोर देताना गोळ्याचं टोक वापरू नका, ते आत तुटू शकतं. त्यासाठी सपाट टोक.

दिशा ठरवा. घड्याळाच्या उलट दिशेनं सुटतं, हा नियम जवळजवळ सगळीकडे लागू आहे. दोन ठिकाणं लक्षात ठेवा जिथे तो उलटतो: डावं पॅडल, आणि प्रचलित इंग्लिश मापाच्या बॉटम ब्रॅकेटची चेनच्या बाजूची वाटी.

पॅडलसाठी दिशा पाठ करण्यापेक्षा ही पद्धत सोपी आहे: पाना पॅडलच्या दांड्यावर असा लावा की त्याची मूठ वर येईल. मूठ मागच्या चाकाकडे ओढली की पॅडल सुटतं, पुढच्या चाकाकडे ढकलली की आवळतं. दोन्ही बाजूंना हेच लागू, आणि क्रँकच्या आतल्या बाजूनं एलन की लावली तरीही हेच. पॅडल काढण्याआधी चेन पुढच्या मोठ्या दातांवर चढवून ठेवा. हात सटकला तर बोटं दातांवर आपटणार नाहीत.

आधी बोटांनी. कोणताही बोल्ट बसवताना पहिले तीन-चार फेरे बोटांनीच फिरले पाहिजेत. अडलं तर बोल्ट उलट फिरवून सरळ करा आणि पुन्हा सुरुवात करा. पॅडल क्रँकमध्ये वाकडं घालून पान्यानं रेटलं की क्रँकचे आटे जातात, आणि ती दुरुस्ती पॅडलच्या नव्हे, क्रँकच्या किमतीची असते.

ग्रीस कुठे. पॅडलच्या आट्यांवर, धातूच्या फ्रेममधल्या धातूच्या सीट पोस्टवर आणि बहुतेक बोल्टांच्या आट्यांवर पातळ थर. न लावल्यास महिनोन्‌महिने घाम आणि पाणी मुरून दोन धातू एकमेकांना धरतात आणि सीट पोस्ट फ्रेममध्ये कायमचा अडकतो. कार्बनवर ग्रीस लावू नका. त्यासाठी बारीक कणांची वेगळी कार्बन पेस्ट मिळते, जी कमी जोरातही पकड देते. काही बोल्टांवर कारखान्यातूनच निळा थ्रेडलॉक (आटे सुटू न देणारा द्रव) लावलेला असतो, तिथेही ग्रीस नको.

किती आवळायचं. स्टेम (हँडल धरून ठेवणारा भाग), हँडल, सीट पोस्टचा क्लॅम्प यांच्यावर बहुतेक वेळा आवळायच्या जोराचा ‘५ न्यूटन मीटर’ असा आकडा छापलेला असतो. ती कमाल मर्यादा समजा. हलके आणि कार्बनचे भाग असतील तर टॉर्क रेंच, म्हणजे लावलेला जोर गाठला की ‘टक’ करणारा पाना, घ्याच. छोट्या मापाचा, साधारण २ ते १५ किंवा २० न्यूटन मीटरचा. मोटारीच्या चाकांसाठीचा मोठा रेंच इथे निरुपयोगी आहे, त्याच्या पट्टीच्या खालच्या टोकाला अचूकता नसते.

रेंच वापरताना:

1. आकडा लावा, मूठ टोकाला धरा, सावकाश फिरवा.
2. पहिली ‘टक’ झाली की थांबा. खात्रीसाठी पुन्हा दाबलं की बोल्ट आणखी आवळला जातो.
3. चार बोल्टांच्या स्टेमवर कर्णरेषेनं, थोडं थोडं, आळीपाळीनं आवळा. सहसा वरची आणि खालची फट सारखी राहिली पाहिजे. काही स्टेमवर एक बाजू पूर्ण मिटवायची सूचना असते, ती आधी वाचा.
4. या रेंचनं बोल्ट सोडवू नका. काम झालं की आकडा सर्वांत खाली आणून ठेवा, आतली स्प्रिंग दाबलेली राहू देऊ नका.

रेंच नसेल तर आखूड एलन की धरा, तीही आखूड हातानं. कीवर नळी चढवून जोर वाढवायचा मोह बारीक बोल्टांवर कधीच करू नका. याउलट पॅडल (३५ ते ४० न्यूटन मीटर) आणि कॅसेटचा लॉकरिंग (४० न्यूटन मीटर) यांना खरोखर चांगला जोर लागतो. ते ढिले ठेवणं हीसुद्धा तितकीच मोठी चूक आहे.

> तपासा: सीट पोस्टवरची ‘किमान आत’ ही रेघ दिसत असेल तर पोस्ट फार वर आला आहे. खाली घ्या.

## टप्पा ७: चाक, पंक्चर, हवा

तेलाच्या डिस्क ब्रेकमध्ये चाक काढल्यावर लिव्हर दाबू नका. पॅड एकमेकांना चिकटतात आणि चकती परत आत जात नाही. पॅडमध्ये घालायची प्लॅस्टिकची पट्टी चाक काढल्या काढल्या लावा.

मागचं चाक काढताना चेन सर्वांत छोट्या दातावर आणा. काढणं आणि बसवणं दोन्ही सोपं होतं.

पंक्चरचा क्रम:

1. उरलेली हवा पूर्ण सोडा. टायरच्या दोन्ही कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला. या पायरीनं टायर इतका ढिला होतो की कधीकधी लिव्हर लागतच नाही.
2. वॉल्व्हच्या समोरच्या बाजूला पहिला लिव्हर, त्यापासून दहा-बारा सेंमीवर दुसरा. एकच कड बाहेर काढा.
3. ट्यूब बाहेर काढली तरी ती टायरशी कशी होती ते लक्षात ठेवा. वॉल्व्ह टायरवरच्या छापाजवळ ठेवायची सवय असली की ट्यूबचं भोक सापडताच टायरमधली जागाही सापडते.
4. भोक कुठे आहे ते वाचा. बाहेरच्या बाजूला एक भोक: टायरमध्ये काच किंवा काटा. आतल्या, रिमकडच्या बाजूला: रिम टेप (रिममधली स्पोकची भोकं झाकणारी पट्टी) सरकलेली. शेजारी शेजारी दोन चिरा: हवा कमी असताना रिमची कड ट्यूबवर आपटली, म्हणजे दोष हवेचा.
5. टायरच्या आतून कापड हळूच फिरवा. ते जिथे अडकेल तिथे काटा आहे. उघडी बोटं जोरात फिरवू नका. काटा न काढता नवी ट्यूब घालणं ही पंक्चरमधली सर्वांत महाग चूक आहे.
6. ठिगळ लावताना ट्यूब ठिगळाहून मोठ्या भागावर घासा, सोल्यूशनचा पातळ थर लावा आणि थांबा. चमक जाऊन थर कोरडा दिसेपर्यंत, साधारण पाच मिनिटं. ओल्या सोल्यूशनवर ठेवलेलं ठिगळ सुटतं. मग दाबून धरा, विशेषतः कडा.
7. ट्यूबमध्ये आकार येईल एवढीच हवा भरा आणि आत बसवा. टायरची कड वॉल्व्हच्या समोरून चढवायला सुरुवात करून वॉल्व्हपाशी संपवा. वॉल्व्हपाशी कड खोलगट भागात जाऊ शकत नाही, म्हणून ती जागा शेवटी ठेवली की बाकी ठिकाणी ढील मिळते. शेवटचा भाग अंगठ्यांनी. लिव्हरनं चढवलं की ट्यूब चिमटते.
8. वॉल्व्ह एकदा आत ढकला, पुन्हा ओढा. पूर्ण घेरा फिरून पाहा, ट्यूब कुठे कडेखाली डोकावते का.

हवा टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेत भरा. कमाल आकडा हे लक्ष्य नाही. हलक्या माणसाला आणि खडबडीत रस्त्याला कमी, भरलेल्या कॅरिअरला जास्त. प्रेस्टा वॉल्व्हचा छोटा नट आधी उघडा आणि एकदा दाबून फुस्स आवाज करा, मगच पंप लावा.

क्विक रिलीज, म्हणजे पान्याशिवाय चाक घट्ट करणारा लिव्हर, आवळण्याची पद्धत बहुतेकांची चुकते. लिव्हर स्क्रूसारखा गोल गोल फिरवून घट्ट करायचा नसतो. पलीकडचा नट बोटांनी फिरवून असा जमवा की लिव्हर चाकापासून सरळ बाहेर आलेला असताना, म्हणजे अर्ध्या वाटेवर, जोर लागायला सुरुवात होईल. तिथून तो तळहातानं मिटायचा. मिटल्यावर तळहातावर लिव्हरची खूण उमटली पाहिजे. न उमटता मिटला तर ढिला आहे.

> तपासा: सायकल जमिनीवर ठेवा, चाक बाजूला धरून हलवा. हबमध्ये खडखड नको. मग ब्रेक दाबून पुढेमागे ढकला.

## टप्पा ८: केबल, ब्रेक, गिअर

केबल कापायला केबल कटरच लागतो. पकडीनं कापलं की तारा पिसारतात आणि आवरणात शिरत नाहीत. कापल्यावर टोकाला टोपी बसवा.

ब्रेकचं आणि गिअरचं बाहेरचं आवरण दिसायला सारखं असलं तरी वेगळं असतं. ब्रेकच्या आवरणात पोलादी पट्टी गोल वेटोळ्यात असते, गिअरच्या आवरणात तारा लांबीनं सरळ. गिअरचं आवरण ब्रेकला कधीही लावू नका. जोरात ब्रेक दाबला की ते फुटतं आणि ब्रेक जातो. आतली तारही वेगळी: ब्रेकची साधारण १.५ ते १.६ मिमी, गिअरची १.१ ते १.२ मिमी.

ब्रेक पॅड रिमवर पूर्ण बसला पाहिजे, टायरला शिवता कामा नये. खाचा दिसेनाशा झाल्या की बदला. डिस्कचा पॅड घासायच्या थरात १ मिमीच्या आसपास आला की नवा आणून ठेवा, अर्ध्या मिमीपर्यंत थांबू नका.

गिअर चढत नसेल तर लिमिट स्क्रूला हात लावू नका. मागच्या डीरेलरपाशी (चेन एका दातावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) केबल शिरते तिथला गोल नट, बॅरल, पाव फेरा बाहेर घ्या. म्हणजे तो घड्याळाच्या उलट फिरवा आणि पॅडल मारून पाहा. केबल ताणली जाते आणि चेन मोठ्या दाताकडे सरकते. उतरत नसेल तर उलट. लिमिट स्क्रू फक्त दोन्ही टोकांना चेन बाहेर पडू नये म्हणून आहेत.

## टप्पा ९: दुसऱ्या फेरीची हत्यारं

काम समोर आलं की एकेक घ्या.

चेनची पिन ढकलणारा चेन ब्रेकर आणि क्विक लिंकची (चेनची उघडता येणारी जोडकडी) पकड बहुधा सर्वांत आधी लागतात. क्विक लिंक चेनच्या गिअरसंख्येशी जुळणारीच हवी. कॅसेटसाठी लॉकरिंगचं हत्यार आणि दात धरून ठेवणारा चेन व्हिप, दोन्ही लागतात. बसवताना चेन व्हिप लागत नाही. फ्रीव्हीलच्या खाचा मात्र बनावटीनुसार बदलतात, फोटो आणि माप घेऊनच हत्यार घ्या.

चौकोनी दांड्याच्या क्रँकला पुलर लागतो. आधी क्रँकचा बोल्ट आणि त्याखालचा वायसर काढा, पुलर आट्यांत शेवटपर्यंत फिरवून बसवा, मगच मधला दांडा आवळा. वायसर आत राहिला किंवा पुलर दोन फेऱ्यांवरच थांबला की क्रँकचे आटे उपटून येतात.

चाकाचा आउट (फिरताना रिम डावी-उजवीकडे डुलणं) काढायचा असेल तर निपलच्या (स्पोकच्या टोकाचा छोटा नट) अचूक मापाचा स्पोक पाना घ्या, अनेक खाचांचा गोल नको. एका वेळी पाव फेरा. दोन-तीन मिमीपेक्षा जास्त आउट, तुटलेले स्पोक, फ्रेमचा वाकलेला हँगर (मागचा डीरेलर लागतो तो तुकडा), तेलाच्या ब्रेकमधली हवा आणि दाबून बसवलेले बेअरिंग ही कामं सुरुवातीला मेकॅनिककडे द्या आणि शेजारी उभं राहून पाहा.

## टप्पा १०: सायकलवर काय न्यायचं, काय लावायचं

सीटखालच्या पिशवीत: एक ट्यूब, दोन लिव्हर, ठिगळं, मिनी पंप, मल्टिटूल, एक क्विक लिंक, पातळ हातमोजे, आणि टायर फाटला तर आतून लावायला जाड प्लॅस्टिकचा तुकडा. चाकं नटाची असतील तर १५ मिमी पानाही, मल्टिटूलमध्ये तो सहसा नसतो. सुटी ट्यूब कापडात गुंडाळा, नाहीतर हत्यारांच्या टोकांनी पिशवीतच भोक पडतं. मल्टिटूल निघण्याआधी घरीच प्रत्येक बोल्टला लावून पाहा. बाटलीच्या पिंजऱ्याआड किंवा फ्रेमच्या कोपऱ्यात त्याची आखूड दांडी पोहोचतेच असं नाही.

सीओ२चं नळकांडं वापरत असाल तर हातमोजे घाला, वायू सुटताना ते गोठतं. हा वायू ट्यूबमधून हवेपेक्षा लवकर निसटतो, म्हणून घरी आल्यावर तो सोडून पंपानं हवा भरा.

दिवे, मडगार्ड, कॅरिअर, आरसा हे लावल्यावर तीन गोष्टी पाहा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवताना कोणतीही केबल ताणते का, मडगार्डचा दांडा टायरपासून पुरेसा लांब आहे का, आणि मागचा दिवा पिशवीआड किंवा कॅरिअरवरच्या सामानाआड जातो का. कॅरिअर आणि मडगार्डचे बोल्ट हादऱ्यांनी सुटतात. पहिल्या काही फेऱ्यांनंतर ते पुन्हा तपासा आणि नायलॉनचा लॉकनट किंवा निळा थ्रेडलॉक लावा.

काम संपल्यावर हत्यारं कोरड्या कापडानं पुसा, पोलादी कळांवर तेलाचा हात फिरवा आणि खाली अंथरलेलं कापड झटकण्याआधी त्यावर एखादा वायसर उरला आहे का ते पाहा. उरला असेल तर सायकल चालवू नका, खोलण्याआधी काढलेले फोटो उघडा आणि तो कुठला ते शोधा.